इथे जाड, तिथे नॉर्मल

आमच्या सोसायटीने यंदा गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा रद्द करून आरोग्य शिबिर ठेवलं, तेव्हाच मला शंका आली होती. ऑर्केस्ट्रात फार तर कानांना त्रास होतो. शिबिरात आधी चपला काढायला लावतात, मग खिशातलं पाकीट, मग मोबाइल, मग किल्ल्या, आणि एवढं सगळं काढून उरलेल्या माणसाकडे बघत एक पंचविशीतली डॉक्टर म्हणते, "काका, पोट आत घेऊन वजन कमी होत नाही."

मी पोट आत घेतलेलं नव्हतं. म्हणजे सगळं नव्हतं घेतलेलं.

"वजन एकाहत्तर. उंची एकशे सत्तर."

"एकशे बहात्तर," मी म्हणालो.

"एकशे सत्तर."

उंचीची पट्टी पार्किंगच्या खांबाला मंडळाच्या एका कार्यकर्त्याने चिकटवली होती. मखर डावीकडे झुकलेलं होतं ते याच कलाकारामुळे, तेव्हा मी रीतसर हरकत घेतली. डॉक्टरबाईंनी पर्समधून स्वतःचा टेप काढला आणि फेरमोजणी केली. तिच्यात मी आणखी अर्ध्या सेंटीमीटरने कमी भरलो, म्हणून मोठ्या मनाने पहिला निकाल मान्य केला. पण तोवर रांगेत मागे उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींचा हिशेब पूर्ण झाला होता.

"अहो, लग्नाच्या बायोडेटात पाच फूट आठ इंच लिहिलं होतं तुम्ही."

"ते बाबांनी लिहिलं होतं."

"आणि निर्व्यसनी?"

"तेही बाबांनीच."

डॉक्टरबाईंनी कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवली. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की झाला बीएमआय. "चोवीस पॉइंट सहा. ओव्हरवेट." असं म्हणून त्यांनी माझ्या शर्टाला पिवळा स्टिकर लावला. बायकोचा आला बावीस पॉइंट सहा. तिला हिरवा. हिरवे स्टिकरवाले मांडवाच्या एका बाजूला जमून एकमेकांना "तुम्ही काय करता हो?" असं विचारायला लागले आणि आम्ही पिवळे-लाल बटाटेवड्याच्या रांगेत लागलो. वडे शिबिराच्या प्रायोजकांतर्फे होते.

रात्री न्यू जर्सीच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो तिथे कसलंसं डेटाचं काम करतो, त्यामुळे आकडा दिसला की त्याला राहवत नाही.

"मामा, चोवीस पॉइंट सहा? नॉर्मल आहेस की! पंचविसाच्या पुढे ओव्हरवेट, तिसाच्या पुढे लठ्ठ. जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता आहे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरबाईंना गाठलं. त्या आमच्याच बी विंगमध्ये राहतात, ही त्यांची चूक. त्या म्हणाल्या, "तो तक्ता त्यांच्याकडे, काका. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ साली एकत्र बसून आपला वेगळा ठरवलाय. आपल्याला तेवीसपासून ओव्हरवेट आणि पंचविसापासून लठ्ठ. आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात, म्हणून."

म्हणजे मी मुंबईच्या विमानतळावर ओव्हरवेट म्हणून विमानात बसलो, की पलीकडे नॉर्मल म्हणून उतरणार. मधे दोनदा जेवण देतात ते वेगळंच. मी भाच्याला म्हटलं, येऊ का तिकडे सहा महिने, तब्येतीसाठी? तो जरा घाबरला असावा. लगेच म्हणाला, "मामा, इथलंही काही खरं नसतं हं. १९९८ पर्यंत इथे पुरुषांची रेघ २७.८ वर होती. मग सरकारी आरोग्य संस्थेने ती पंचविसावर आणली आणि जवळपास तीन कोटी लोक एक घासही जास्त न खाता ओव्हरवेट झाले."

मला त्या तीन कोटींबद्दल मनापासून आपुलकी वाटली.

आता प्रश्न उरला तो तेवीसच्या आत येण्याचा. वजन तेवढंच ठेवून मला तिथे पोचायचं तर उंची सहा सेंटीमीटरने वाढायला हवी. उतरवायचं तर पाच किलो. मी दोन्हींचा प्रामाणिकपणे विचार केला आणि उंची वाढणं जास्त शक्य वाटलं. उंचीचा वर्ग होतो, म्हणजे एकेक मिलिमीटरला व्याज आहे. केस थोडे उभे विंचरून पाहिले. पण पाहिजे तिथे केसच नाहीत, हा मुद्दा ऐन वेळी पुढे आला. ताठ उभं राहून पाहिलं, तर बायको म्हणाली, "उचकी लागलीय का?"

शेवटी मूळ गुन्हेगाराचा शोध घेतला. भाच्याने माहिती पुरवली. बेल्जियमचे कुणी अ‍ॅडॉल्फ केतले, खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्समध्ये वेधशाळा उभारली. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी सुखाने वडा खात असतो. पण आकाशातल्या आकड्यांनी त्यांचं पोट भरेना. मग त्यांनी जमिनीवरची माणसं मोजायला घेतली. कोण किती उंच, कोण किती जड, कोण कितव्या वर्षी लग्न करतो, कोण कितव्या वर्षी गुन्हा करतो. (काहींच्या बाबतीत या दोन्हींचं वय एकच निघालं असणार.) त्यात १८३०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. लठ्ठपणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना 'सरासरी माणूस' हवा होता. तो कुठे राहतो ते काही कळलं नाही, पण त्याचा शर्ट मात्र आपल्या सगळ्यांना घालायला लावलाय.

मधली शंभरेक वर्षं हा हिशेब पुस्तकांत पडून होता. अमेरिकेत तेव्हा चालायचे आयुर्विमा कंपन्यांचे तक्ते. १९४०च्या दशकातल्या तक्त्यात एकाच उंचीला तीन तीन वजनं होती: बांधा लहान, मध्यम आणि मोठा. हा तक्ता आमच्या थोरल्या आत्याच्या हयातीत इकडे यायला हवा होता. "मी जाड नाही, माझी हाडं जड आहेत," हे ती जन्मभर सांगत राहिली आणि आम्ही तिला हसलो. तिला विमा कंपनीचा पाठिंबा आहे हे कुणाला माहीत?

मग १९७२ साली अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं जमवून सगळी सूत्रं ताडून पाहिली, केतल्यांचं सूत्र उचललं आणि त्याला बीएमआय हे नाव दिलं. त्यांचाही अभिप्राय साधारण असा, की हे काही पूर्ण समाधानकारक नाही, पण बाकीच्यांहून वाईटही नाही. मी हे बायकोला वाचून दाखवलं.

"सात हजार माणसं म्हणजे? बायका किती त्यात?"

"एकही नाही. सगळे पुरुष."

"मग मला हिरवं कुणी ठरवलं?"

मला वाटलं, आता ती तो स्टिकर काढून फेकेल. तो अजून फ्रिजच्या दारावर आहे.

याच सुमारास मेहुणा कोल्हापूरहून आला. मेहुणा पैलवान आहे. ९२ किलोच्या गटात खेळतो आणि आमच्या दिवाणावर बसतो तेव्हा दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप उठतो. उंची १७३. पहाटे उठून जोर, मग बैठका, मग थंडाई, मग पुन्हा जोर. पोट असं की त्यावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटाव्यात. त्याने आरोग्य विम्याचा अर्ज भरला होता आणि तिथून फोन आला होता की तुमचा हप्ता वाढेल.

"का म्हणून?" मेहुण्याने विचारलं.

"सर, तुमचा बीएमआय तीस पॉइंट सात आहे. तुम्ही लठ्ठ आहात."

"कुणी सांगितलं?"

"सिस्टिमने."

"मग त्या सिस्टिमला धाडा की तालमीत. मातीत उतरू दे एकदा."

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही शिकलेली माणसं. मला सांगा, मी लठ्ठ आणि तुम्ही नॉर्मल, हे कुठल्या देशात होतं?"

"अमेरिकेत," मी अभिमानाने म्हणालो.

त्याने मला एका हाताने उचलून बाजूला ठेवलं आणि चहा मागितला. त्याचा मुद्दा बरोबर होता. काट्याला फक्त ओझं कळतं. ते स्नायूंचं आहे, चरबीचं आहे, पाण्याचं आहे की खिशात राहिलेल्या सुट्या पैशांचं, ते त्याला कळत नाही. तरी मी त्या पॉलिसीवाल्याची बाजू लावून धरली, कारण मेहुण्यापेक्षा मी सहा अंकांनी बरा आहे असं म्हणणारा जगाच्या पाठीवर तो एकच माणूस होता.

आईचं प्रकरण वेगळंच निघालं. आईचं वजन कित्येक वर्षं पन्नास किलो आहे. एक वेळ भात, संध्याकाळी दूध-लाह्या, एकादशीला तेही नाही. जुन्या फायलीत तिची उंची १५२ होती तेव्हा बीएमआय २१.६. आता पाठीला बाक आल्यामुळे उंची भरली १४७. बीएमआय २३.१. पिवळा स्टिकर.

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे आई, तू ओव्हरवेट झालीस."

"खाऊन?"

"नाही. आखडून."

आईने तो स्टिकर सोलून देव्हाऱ्यातल्या कॅलेंडरवर चतुर्थीच्या तारखेला लावला. म्हणाली, "एवढा उपयोग आहे त्याचा."

या सगळ्याचा स्फोट सोसायटीच्या मासिक सभेत झाला. विषय होता पाण्याच्या टाकीची गळती. पण आमच्याकडचे निवृत्त गणिताचे सर उभे राहिले. सर सहा फूट एक इंच. वजन ८७. बीएमआय २५.४. गणिताच्या शिक्षकाला गणितातच लाल शेरा मिळाल्यामुळे ते धुमसत होते.

"हे सूत्रच चुकीचं आहे," सर गरजले. "उंचीचा वर्ग का? माणूस काय पोळी आहे? त्याला जाडी आहे! लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट केल्या तर वजन आठपट होतं आणि तुम्ही भागताय चाराने. उंच माणसावर हा सरळ सरळ अन्याय आहे."

ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेदन यांनी २०१३ मध्ये नवं सूत्र सुचवलंय, असं सरांनी सांगितलं. उंचीचा दुसरा नाही, तिसराही नाही, अडीचावा घात घ्यायचा आणि वर एक पॉइंट तीनने गुणायचं. त्या हिशेबाने सर २४.३ वर येत होते. अमेरिकन तक्त्याप्रमाणे नॉर्मल. सरांनी खास या कामासाठी अमेरिकन तक्ता स्वीकारला होता. एरवी ते स्वदेशीचे आहेत.

सेक्रेटरी ताडकन उठले. म्हणजे उठलेच असावेत, कारण ते पाच फूट एक इंच आहेत आणि टेबलामागून नीट कळत नाही. त्यांचं वजन ६०, बीएमआय २४.९७. तीन शतांशांनी ते अमेरिकेत नॉर्मल होते आणि त्या तीन शतांशांना जिवापाड जपत होते. सरांच्या सूत्राने ते थेट २६.१ वर जात होते.

"हा बुटक्यांवर अन्याय आहे! बहुमताशिवाय सूत्र बदलता येणार नाही!"

"गणिताला बहुमत लागत नाही!"

"सोसायटीच्या उपविधीत लागतं!"

माझी उंची १७०. या नव्या सूत्रात १६९ सेंटीमीटरवाल्याला काहीच फरक पडत नाही, त्याखालचे चढतात, वरचे उतरतात. मला मिळणारी सूट एका अंकाचीही नव्हती, म्हणून एकमताने मला अध्यक्ष केलं. दोन तास चर्चा झाली. 'पुढील वार्षिक सभेपर्यंत सर्व सभासदांनी आपापल्या सोयीचा बीएमआय वापरावा' असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाकी अजून गळतेय.

सभेनंतर जिन्यात डॉक्टरबाई भेटल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "काका, या भांडणाचा खरा फोटो तर आपल्या पुण्याचाच आहे." आणि त्यांनी मोबाइलवर काढून दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला. एकीकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरीकडे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही मधुमेहाचे संशोधक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही हिरवे. आणि अंगातली चरबी? लंडन ९.१ टक्के. पुणे २१.२ टक्के.

"दुपटीहून जास्त!" माझा ऊर भरून आला. पुण्याने लंडनला कशात तरी मागे टाकलं की बरं वाटतंच, विषय कुठलाही असो. शिवाय याज्ञिकांनी त्यात स्वतःबद्दलच लिहून ठेवलंय की युडकिनसाहेब मॅरेथॉन पळतात आणि माझा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं. हा व्यायाम मी नियमित करतो. त्याला कुणी व्यायाम म्हणेल, आणि तेही 'लॅन्सेट'मध्ये, हे ठाऊक नव्हतं.

"आणि हे बाळपणापासूनच असतं काका. त्यांनी पुण्याजवळच्या गावांतली बाळं मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पाऊण किलोच्या आसपास कमी. हातापायाच्या काड्या. पण चरबी मात्र त्या मानाने राखून. वरून बारीक, आतून जाड."

मी धावत घरी गेलो. (पुन्हा लिफ्ट.) "ऐकलंस का? माझी ढेरी जन्माआधीची आहे. शास्त्राने सिद्ध झालंय. माझा काही दोष नाही."

"आणि श्रीखंड?" बायको म्हणाली.

"ते नंतरचं."

डॉक्टरबाई मागोमाग टेप घेऊन आल्याच होत्या. म्हणाल्या, "बीएमआय सोडा काका. तो लाखभर लोकांचा अंदाज बांधायला ठीक आहे. तुमच्या एकट्यासाठी कंबर मोजू. पुरुषांची नव्वद सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ऐंशीच्या."

"चौतीस इंच," मी तत्काळ सांगितलं. "म्हणजे शहाऐंशी. बसलो की आत."

"ते पँटचं माप झालं."

"पँट कमरेवरच घालतात ना?"

"तुम्ही पोटाच्या खाली घालता. कंबर म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. बरगडी सापडतेय का?"

बरगडी सापडायला वेळ लागला. आई चष्मा घालून मदतीला आली. कमरेच्या हाडाबाबत तर घरात तीन मतं पडली. मी आयुष्यभर जिला कंबर समजत होतो ती दोन मजले खाली निघाली. गेली अनेक वर्षं आमचा शिंपी दर वेळी "साहेब, हल्लीचं कापडच आटतं," असं का म्हणतो, तेही उलगडलं. असे शिंपी आता मिळत नाहीत.

टेप बंद झाला छप्पन्नवर. म्हणजे मला तसं दिसलं. बायकोने चष्मा पुढे केला. शहाण्णव.

"टेप ताणलाय," मी म्हणालो.

"टेप ताणला तर माप कमी येतं," मेहुणा म्हणाला. पैलवानांना एरवी कुणी गणित येत नाही म्हणतं.

"त्याहून सोपं सांगू का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "टेपसुद्धा नको. ब्रिटनमध्ये २०२२ पासून लोकांना सांगतात, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. आपल्या उंचीएवढी दोरी घ्यायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती टोकाला टोक लागतं का बघायचं. ना काटा, ना भागाकार, ना अमेरिका."

बायकोने कपाटातून परकराच्या नाडीचं नवं बंडल काढलं. मेहुण्याची नाडी जेमतेम का होईना पुरली, आणि तो घरभर दंड थोपटत फिरला. माझ्या नाडीची दोन टोकं समोरासमोर आली, एकमेकांकडे बघत राहिली, पण भेट काही होईना. मधे चार बोटं ढेरी मोकळीच राहिली.

"श्वास सोडा," बायको म्हणाली.

"सोडलाय."

"मग घ्या."

घेतला. टोकं आणखी लांब गेली.

"नाडी कापू नका रे," आई आतून ओरडली. "माझ्या परकराला घालायचीय."

मग बायकोची पाळी आली. एवढे दिवस फ्रिजवरच्या हिरव्या स्टिकरखाली आम्ही जेवत होतो, त्यामुळे मेहुणा आणि मी दोघंही खुर्च्या ओढून बसलो. तिने आम्हाला खोलीबाहेर काढलं, डॉक्टरबाईंना तेवढं आत घेतलं आणि दार लावलं. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग "थांब गं, पुन्हा एकदा," मग "ही नाडी बाजूला ठेव, दुसरी घेऊ," मग "छे, पहिलीच बरी होती."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नाडीचं बंडल तिने कपाटात नेऊन ठेवलं, किल्ली फिरवली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "काही म्हणा, त्या बेल्जियमच्या माणसाचं डोकं मात्र चांगलं होतं."